सीट काढण्याआधी

आपल्या वस्तीच्या तोंडाला, पाण्याच्या टाकीखाली, एक मेलेली बस उभी आहे. इंजिन गेलंय, टायर गेलेत, चासी विटांवर टेकवलीय. वर्गणी गोळा करून आपणच ती भंगारवाल्याकडून आणली. तिची अभ्यासिका करायची. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात तिथं पोरीनं बारावीचा अभ्यास करायचा कुठं, हा प्रश्न आपल्याला पडला आणि त्यातून ही बस आली. इथवर सगळे एक होतो.

मग रविवारच्या बैठकीत सीटांवरून भांडण झालं.

सीटा शाबूत आहेत. रेक्झिन फाटलंय, आतला स्पंज उंदरांनी नेलाय, पण लोखंड दणकट. एक बाजू म्हणाली, काढा आणि विका. टपरीवाले घेतात, ढाबेवाले घेतात, भंगारवाला तर वजनावर परत घ्यायला तयारच आहे. आलेल्या पैशात ट्यूबलाइट, पंखा, पुस्तकं. दुसरी बाजू म्हणाली, विकायच्या कशाला, पोरं त्याच्यावरच बसून वाचतील. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, जुनी गाडी आहे, जरा इतिहास राहू दे." त्यावर आपला एक मित्र हसला. "सीटचा कसला इतिहास बे? ढुंगण टेकायची जागा ती."

सगळे हसले. मीही हसलो. माझी तिसरी पाळी होती, मी उठून गिरणीत गेलो. पण रात्रभर रिंग फ्रेमच्या दोन ओळींमधून चालताना, तुटलेला धागा जोडताना, ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आठ तास आम्हाला बसायला जागा नसते. बसण्याचा विचार उभ्या माणसाला जास्त येतो. त्या विचारातून हे लिहितोय. मी शाळेत दहावीपर्यंत गेलो, बाकीचं वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर शिकलो. तेव्हा विद्वानाचा लेख समजू नका. कामगारानं जुळवलेला हिशेब समजा.

हिशेब एका बसचा आहे. तिचा नंबर २८५७.

ही बस १९४८ साली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या पाँटिअ‍ॅक गावी जनरल मोटर्सनं बनवली. ३६ सीटांची साधी शहरी गाडी. पुढं ती अलाबामा राज्यातल्या माँटगमरी शहरात धावू लागली. त्या शहरात बसच्या आतली मांडणी अशी होती: पुढच्या १० सीटा गोऱ्यांच्या. मागच्या १० काळ्यांच्या. मधल्या १६ सीटा ड्रायव्हरच्या मर्जीच्या. गोरे वाढले की काळ्यांनी मागं सरकायचं. पुढच्या १० रिकाम्या धावत असल्या आणि काळी बाई पोर कडेवर घेऊन उभी असली, तरी तिनं तिथं बसायचं नाही.

आणखी एक रीत होती. काळ्या उतारूनं पुढच्या दारानं चढायचं, ड्रायव्हरजवळ पैसे टाकायचे, मग खाली उतरून मागच्या दारानं पुन्हा चढायचं. मधल्या वेळात गाडी निघून गेली तर पैसेही गेले. म्हणजे बघा, नाणं पुढच्या दारातून आत जाऊ शकत होतं, माणूस नाही.

हे वाचताना तुम्हाला काही आठवलं का? मला मसूर स्टेशन आठवलं. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघालेला. ही पोरं महारांची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट द्यायचं, बैल पोरांनी स्वतः हाकायचे आणि गाडीवान बाजूनं पायी चालणार. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. पुढं १९२९ साली, बॅरिस्टर होऊन आल्यावर, चाळीसगावात हेच झालं. टांगेवाल्यांनी महार बॅरिस्टरचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या, कधी टांगा न हाकलेल्या आपल्याच माणसानं तो हाकला. टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर पडले, पाय मोडला. चाक, सीट, लगाम ही साधी लोखंड-लाकडाची वस्तू नसते. कोण कुठं बसणार हे ठरवणारं ते यंत्र असतं.

या यंत्राचं कारखान्यातलं उदाहरण सांगतो. वॉशिंग्टनच्या ज्या संग्रहालयात आज काळ्या लोकांचा इतिहास मांडलाय, २०१६ साली उघडलेलं, तिथं रेल्वेचा एक अख्खा डबा आहे. तो १९२२ साली पुलमन कंपनीनं बांधला. १९४० साली दक्षिणेतल्या रेल्वे कंपनीनं तो वर्कशॉपात घेऊन आतून नवा केला. मध्ये आडभिंत टाकली. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. गोऱ्यांच्या बाजूला डोक्यावर सामानाच्या फळ्या आणि मोठं स्वच्छतागृह. काळ्यांच्या बाजूला फळ्या नाहीत, स्वच्छतागृह चिंचोळं. डबा तोच, रूळ तेच, इंजिन तेच. फक्त आतलं सामान बदललं. कुणीतरी मोजमाप घेतलं असेल. कुणीतरी स्क्रू पिळले असतील. आपल्यासारखाच मजूर असेल तो. फळी कुठं बसवायची आणि कुठं नाही हे त्याला कागदावर लिहून आलं असेल. अन्याय नेहमी शिवी देत येत नाही. कधी तो नकाशा घेऊन, पाना घेऊन येतो.

आता पुन्हा २८५७ कडे.

१ डिसेंबर १९५५, गुरुवार संध्याकाळ. रोझा पार्क्स नावाची ४२ वर्षांची बाई काम संपवून या बसमध्ये चढली. एका मोठ्या दुकानात ती कपडे बेतण्या-शिवण्याचं काम करायची. पुस्तकवाले लिहितात की ती दमली होती म्हणून उठली नाही. दोस्तहो, हे खोटं आहे आणि सोयीचं खोटं आहे. दमलेली बाई आवडते लोकांना. तयारी केलेली बाई आवडत नाही. ती संघटनेची सेक्रेटरी होती. वर्षानुवर्षं अत्याचारांच्या तक्रारी लिहून घेत होती. त्याच उन्हाळ्यात ती टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत शिबिराला जाऊन आली होती. आणि ड्रायव्हर जेम्स ब्लेक तिच्या ओळखीचा होता. १९४३ साली त्यानंच तिला पैसे घेऊन खाली उतरायला लावलं होतं.

ती मधल्या भागातल्या पहिल्या ओळीत बसली. गाडी भरत गेली. एक गोरा पुरुष उभा राहिला. फक्त एक. ब्लेक म्हणाला, ही ओळ खाली करा. त्या ओळीत चार काळी माणसं होती. एका गोऱ्यासाठी चौघांनी उठायचं, कारण त्याच्या बरोबरीच्या ओळीत काळ्यानं बसणंच मना. एका ढुंगणासाठी चार जागा. आमच्या हसणाऱ्या मित्राला मी इथं नम्रपणे विचारतो, आता सांग, सीट म्हणजे काय?

तिघं उठली. पार्क्स खिडकीकडे सरकून बसली. पोलिस आले. अटक झाली. ५ डिसेंबरला १० डॉलर दंड आणि ४ डॉलर कोर्टखर्च अशी शिक्षा झाली.

पण ती पहिली नव्हती. त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कोल्विन ही १५ वर्षांची शाळकरी पोर अशीच उठली नव्हती. तिला फरफटत उतरवलं, बेड्या घातल्या. ऑक्टोबरात मेरी लुईस स्मिथ ही १८ वर्षांची मुलगी. पुढाऱ्यांनी या दोघींना पुढं केलं नाही. कोल्विन वयानं लहान, गरीब घरची, पुढं लग्नाआधी गरोदर राहिली. लोक काय म्हणतील? हे आपल्याकडेही होतं. कोणाचा फोटो बॅनरवर आणि कोणाचा नाही हे आपल्या बैठकीतही ठरतं. पण गंमत पुढं आहे. ज्या खटल्यानं बसमधला भेदभाव कायद्यानं मोडला तो पार्क्सचा नव्हताच. तो ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन या चौघींचा होता. कोल्विनवरचा तो जुना गुन्हा कोर्टानं पुसला २०२१ साली. म्हणजे सहासष्ट वर्षांनी.

आता आपल्या अंकाच्या वाचकांनी कान देऊन ऐकावं असं. अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन नावाची कॉलेजातली इंग्रजीची शिक्षिका जागी राहिली. तिलाही १९४९ साली बसमध्ये ड्रायव्हरनं हडसून खडसून उठवलं होतं, ती रडत उतरली होती. तिनं मध्यरात्री पत्रक लिहिलं, स्टेन्सिल कापलं, आणि कॉलेजच्या यंत्रावर एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीनं पहाटेपर्यंत हजारो पत्रकं काढली. एका कागदावर तीन पत्रकं बसवली, म्हणजे कागद वाचेल. सोमवारी बसमध्ये चढू नका, एवढंच त्यात सांगितलं होतं. ते यंत्र म्हणजे आपलं सायक्लोस्टाइल. ज्याच्या शाईनं आपली बोटं काळी होतात, ज्याचं स्टेन्सिल फाटलं की आपण आई-बहीण काढतो, तेच. माँटगमरीचा बहिष्कार त्या यंत्रातून बाहेर पडला. या अंकाला "चार पानांचं चिटोरं" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

५ डिसेंबर १९५५ ला बसगाड्या रिकाम्या धावल्या. एक दिवसाचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. घरकाम करणाऱ्या बाया, स्वयंपाकिणी, मजूर मैलोन्‌मैल चालले. सुमारे ३०० खाजगी गाड्यांची व्यवस्था उभी केली, देवळांच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्या भाड्यात, म्हणजे १० सेंटात, उतारू न्यायला सुरुवात केली तर शहरानं हुकूम काढला की ४५ सेंटांच्या खाली घ्यायचे नाहीत. जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण कोर्टात साक्ष दिली म्हणून कामावरून गेली. तिनं घरी जेवण आणि केक-पाय करून विकले आणि पैसा चळवळीला दिला. पैसा कुठून आला विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुठूनच नाही." तिच्या बायांच्या मंडळाचं नावच तसं पडलं. जानेवारी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बाँब पडला. लोक चालत राहिले.

इथं एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली, ती आपल्या कामाची आहे. बहिष्काराच्या सुरुवातीला मागणी काय होती? भेदभाव रद्द करा, ही नव्हती. मागणी होती: ड्रायव्हरनं नीट बोलावं. काळ्यांच्या मार्गावर काळे ड्रायव्हर घ्यावेत. आणि काळ्यांनी मागून, गोऱ्यांनी पुढून बसत यावं, पण एकदा बसलेल्याला कुणी उठवू नये. म्हणजे जुन्याच सीटा, जुनीच रांग, फक्त थोडी बरी मांडणी. तेवढंही शहरानं आणि कंपनीनं नाकारलं. तेव्हा १ फेब्रुवारी १९५६ ला वकील फ्रेड ग्रे यानं त्या चौघींचा खटला लावला. आता मागणी मांडणीची राहिली नाही. रांगच बेकायदा ठरवा, ही झाली. जूनमध्ये खालचा निकाल लागला, १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला, २० डिसेंबरला हुकूम शहरात पोचला आणि २१ डिसेंबरला लोक बसमध्ये चढले. पुढच्या दारानं.

तारखा पुन्हा वाचा. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. १३ नोव्हेंबर, वॉशिंग्टन. ६ डिसेंबर, दिल्ली. २० डिसेंबर, माँटगमरी. त्या एका हिवाळ्यात जगाच्या दोन टोकांना दोन समाजांनी जुनी बैठक सोडली. एकानं दुसऱ्याकडून शिकलं असं मी म्हणत नाही. पण ओळख होती. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत द्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची विचारपूस केली होती. आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा पँथर हे नाव तिकडून आलं. बाबासाहेबांनीही आधी रांगेत बरी जागा मागून पाहिली होती. चवदार तळं पाहिलं, काळाराम मंदिर पाहिलं. मग १९३५ ला येवल्यात सांगितलं की आता या गाडीत जागा नको, गाडीच बदलतो.

आता बस नंबर २८५७ चं पुढं काय झालं ते ऐका, कारण आपलं भांडण तिथंच येऊन मिळतं.

बस धावत राहिली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं ती मोडीत काढली. माँटगमरीच्या एका माणसानं ती विकत घेतली. त्यानं इंजिन काढलं, सीटा काढल्या, आणि शेतात उभी करून तिच्यात लाकडं आणि हत्यारं ठेवायला लागला. म्हणजे आपण जे करतोय तेच. बसची खोली केली. तीसेक वर्षं ती शेतात गंजत पडली. काचा फुटल्या. पत्रा सडला.

घरच्यांना सांगितलेलं होतं की ही तीच बस. पण सांगितलेलं कोण मानतो? लोखंड तर सगळ्या बसचं सारखंच. मग पुरावा निघाला. त्या काळच्या बस कंपनीच्या स्टेशन मॅनेजरनं बहिष्काराच्या बातम्यांची कात्रणं एका वहीत चिकटवून ठेवली होती. अटकेच्या बातमीशेजारी त्यानं ड्रायव्हरचं नाव आणि एक नंबर लिहिला होता. २८५७. एवढंच. एक आडनाव आणि चार आकडे. अक्षर तज्ज्ञाकडून तपासून घेतलं. त्या चार आकड्यांनी भंगाराचा इतिहास झाला. ऑक्टोबर २००१ मध्ये लिलाव झाला आणि मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयानं ती बस ४ लाख ९२ हजार डॉलरला घेतली. मग सरकारी अनुदान घेऊन, लाखो डॉलर खर्चून ती दुरुस्त केली. जे मूळ उरलं होतं ते राखलं, जे नव्हतं ते त्या काळच्या नमुन्याबरहुकूम बसवलं. फेब्रुवारी २००३ पासून ती लोकांसाठी मांडली आहे. आत चढता येतं, सीटवर बसता येतं. २०१२ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा तिथं जाऊन खिडकीशी बसले, तो फोटो जगभर गेला.

पण दोस्तहो, सीटा तर शेतातच निघाल्या होत्या. ज्या रेक्झिनवर ती बाई सरकून बसली ते रेक्झिन कधीच गेलं. लोक आज ज्या सीटवर बसून डोळे पुसतात ती नंतर बसवलेली आहे. म्हणून ते खोटं आहे का? मला नाही वाटत. सीट गेली, जागा राहिली. जागा राहिली कारण कुणीतरी नंबर लिहून ठेवला होता. आणि माझ्या पोटात कालवतं ते इथं: तो लिहिणारा आपला नव्हता. तो कंपनीचा माणूस होता. चालणाऱ्या हजारो लोकांपैकी कुणाच्या वहीतून नव्हे, कंपनीच्या माणसाच्या वहीतून तो पुरावा आला. आपला इतिहास असाच दुसऱ्याच्या वहीत सापडतो. पोलिसाच्या डायरीत, साहेबाच्या गॅझेटात, सावकाराच्या खात्यात. आपल्या वहीत काय असतं? आपल्याकडे वहीच नसते.

अजून एक बस सांगतो, ती आपल्या अभ्यासिकेची थोरली बहीण आहे. दक्षिण कॅरोलायनात जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथं ईसॉ जेन्किन्स नावाचा माणूस बेटावरच्या कामगारांना बसनं चार्ल्सटन शहरात न्यायचा. त्या राज्यात मतदार व्हायचं तर घटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. काळ्यांना वाचायला कुणी शिकवलेलंच नव्हतं. अ‍ॅलिस वाईन नावाच्या उतारू बाईनं त्याला सांगितलं, मला शिकव. तो चालत्या बसमध्ये लोकांना घटना शिकवायला लागला. त्यातून, आणि सेप्टिमा क्लार्क व हायलँडरच्या मदतीनं, जानेवारी १९५७ मध्ये बेटावर पहिली नागरिक शाळा उघडली. पुढच्या दर्शनी खोलीत किराणा दुकान, मागं वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. शिकवायला बर्नीस रॉबिन्सन, केस विंचरण्याचं पार्लर चालवणारी बाई. पुढं असल्या शाळा दक्षिणेत गावोगाव पसरल्या.

जेन्किन्स १९७२ साली वारला. त्याची शेवटची फोक्सवॅगन व्हॅन घराच्या अंगणात कित्येक वर्षं गंजत उभी होती. तिच्या मागच्या दारावर त्यानं रंगवून घेतलं होतं, प्रेम म्हणजे प्रगती, द्वेष महागात पडतो. आज ते दार वॉशिंग्टनच्या त्याच संग्रहालयात आहे, जिथं तो आडभिंतीचा डबा आहे. अख्खी गाडी नाही नेली. दार नेलं. कारण दारावर लिहिलेलं होतं.

आता घरचं सांगतो.

माझी आजी तालुक्याच्या बाजाराला जायची, मला बरोबर न्यायची. गाडीत चढली की ती दाराजवळ खाली पत्र्यावर बसायची, पाटी मांडीवर घेऊन. सीट रिकामी असली तरी. आमच्या गाडीत कुठं पाटी नव्हती. कंडक्टर काही म्हणत नव्हता. कायदा तर आमच्या बाजूनं १९५० सालापासून उभा. मी एकदा तिचा पदर ओढला. म्हटलं, "आजी, जागा हाय की." ती म्हणाली, "आसू दे. उठीवल्यावर उठण्यापरास खालीच बरं." मला राग आला. तिचा आला, गाडीचा आला, सगळ्यांचा आला. मी एकटाच जाऊन सीटवर बसलो आणि सगळी वाट तिच्याकडे बघितलं नाही. आज मला त्याची लाज वाटते. मी तिला विचारायला हवं होतं, तुला कधी, कोणत्या गाडीत, कुणी उठवलं होतं? विचारलं नाही. ती २०१६ साली गेली. ती गाडी कुठल्या भंगारात कापली गेली असेल. तिचा नंबर मला माहीत नाही. आता कधीच कळणार नाही.

म्हणून माझं म्हणणं.

सीटा विका. मी विकण्याच्या बाजूनं आहे. सीटेची पूजा नको. एस.टी.नं २०२० साली टाळेबंदीत जुन्या गाड्यांच्या सीटा काढून त्यातून माल वाहिला, त्यात काही पाप झालं नाही. काम नसलेलं लोखंड कामाला लागलं पाहिजे. बसच्या सीटा एकामागं एक, सगळ्यांची तोंडं ड्रायव्हरकडं. अभ्यासिकेत तशी बैठक चालत नाही. तिथं समोरासमोर बसायचं, मधे लांब फळी, वर दिवा. एकाच्या पाठीकडं बघून दुसऱ्यानं शिकायचं नाही. त्या सीटांच्या पैशात फळ्या येतील, पंखा येईल, चार पुस्तकं येतील.

पण पाना लावण्याआधी एक रविवार द्या. एक वही आणा, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर बसचा नंबर लिहा, कुठून आली, किती सीटांची, कधी आणली, वर्गणी कुणी किती दिली ते लिहा. मग वस्तीतल्या म्हाताऱ्यांना, म्हाताऱ्यांच्या आधी म्हाताऱ्या बायांना, बसमध्ये आणून बसवा. जिथं त्यांना वाटेल तिथं बसू द्या. आणि विचारा. तुम्ही कुठं बसायचा? कुणी उठवलं? कोणत्या साली, कोणत्या रस्त्यावर? तुम्ही काय केलं? जे सांगतील ते त्यांच्या बोलीत, दुरुस्त न करता लिहा. तारीख घाला, सही किंवा अंगठा घ्या. मग सीटा काढा. पुढच्या अंकासाठी त्यातलं स्टेन्सिलवर मी कापून देतो, माझी पाळी कोणतीही असो.

एक सीट मात्र ठेवा. दाराजवळची. नवं रेक्झिन घाला. तिच्यावर नाव, फोटो, घोषणा काही नको. जो पहिला येईल तो बसेल. पोरगी आली तर पोरगी, दमलेला कामगार आला तर कामगार.

वहीतली पहिली नोंद मी केली आहे. आजीचं नाव, गाव, तिचं वाक्य. गाडीच्या नंबरापुढं जागा कोरी सोडली आहे.